भिंतीआडचा आवाज : स्पेनच्या जुन्या पुस्तकांतल्या बायका



आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, आता हे काय नवीन? स्पेन कुठं, आपण कुठं! आणि त्यातही तीन-चारशे वर्षांपूर्वीची पुस्तकं. त्यांचं आम्ही काय करायचं? आम्हालाही सुरुवातीला असंच वाटलं होतं. पण वाचायला बसलो तेव्हा एकेक ओळखीची गोष्ट निघायला लागली. अब्रू कुणाची आणि ती सांभाळायची कुणी? मुलीला स्थळ पसंत आहे का, हे विचारायचं कुणी? बाईनं शिकून काय करायचं? हे प्रश्न आपल्या बैठकीत महिन्यातून एकदा तरी निघतात. तेच तिथंही निघाले होते. म्हणून ठरवलं, ही गोष्ट तुम्हाला सांगायचीच.

आधी थोडी ओळख करून घेऊ. आपण बोलणार आहोत ते साधारण १६०० ते १८४१ या काळाबद्दल. अभ्यासक याचे तीन तुकडे करतात. पहिला ‘बरोक’ काळ. हे नाव वेड्यावाकड्या आकाराच्या मोत्यावरून पडलं असं म्हणतात. भरपूर नक्षी, भरपूर रंग, हसू आणि मरण शेजारी शेजारी, असा तो थाट. दुसरा अठराव्या शतकाचा काळ. तेव्हाचे लेखक म्हणायचे, नक्षी पुरे, आता डोक्यानं विचार करू, लोकांना शहाणं करू. तिसरा ‘रोमँटिक’ काळ. स्पेनमध्ये तो १८३० नंतर जोरात आला. त्याचं म्हणणं, माणसाच्या मनाला आणि स्वातंत्र्याला वाट मिळाली पाहिजे.

हा काळ आपल्यापासून फार लांबचा नाही. १५८० ते १६४० ही साठ वर्षं स्पेन आणि पोर्तुगाल या दोन्ही देशांवर एकच राजा होता, म्हणजे आपल्या गोव्यावरही त्याचंच राज्य होतं. गोव्यात फादर स्टीफन्स यांचं मराठी ओव्यांतलं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापलं गेलं. त्याच वर्षी स्पेनचा सर्वांत मोठा लेखक सर्व्हान्तेस वारला. इकडे तुकोबांचा काळ, तिकडे हा.

हंडीत बसलेल्या बायका

त्या काळी माद्रिदमध्ये नाटकं चालायची ती घरांच्या मधल्या मोकळ्या चौकात. वर आभाळ, एका बाजूला रंगमंच. पुरुष खाली उभे राहून बघायचे. बायकांना त्यांच्यात मिसळायची परवानगी नव्हती. त्यांचं दार वेगळं, जागा वेगळी. रंगमंचाच्या समोर वरच्या अंगाला एक सज्जा असे, त्यात त्या दाटीवाटीनं बसायच्या. त्या सज्जाला लोक ‘कासुएला’ म्हणायचे. कासुएला म्हणजे रस्सा शिजवायची हंडी! बायकांना कोंबायचं तेही हंडीत, आणि नाव ठेवणाऱ्याला त्यात काही वावगं वाटलं नाही.

पण या हंडीतल्या बायका गप्प बसत नसत. नाटक आवडलं नाही की किल्ल्या खुळखुळवायच्या, शिट्ट्या वाजवायच्या. नाटक पडणार की चालणार, हे ठरण्यात त्यांचाही हात असे. १५८७ साली माद्रिदमध्ये बायकांना रंगमंचावर काम करायची परवानगी मिळाली. मध्ये बंदी आली, पण ती टिकली नाही. तेव्हा इंग्लंडात बायकांची कामं मुलगे करायचे. आपल्याकडे तर बालगंधर्वांच्या काळापर्यंत पुरुषच लुगडं नेसून उभे राहत होते.

एका गावाचं नाव

या चौकातल्या नाटकांचा राजा म्हणजे लोपे दे वेगा. त्याचं एक नाटक १६१९ साली छापलं गेलं, ‘फुएन्तेओवेहुना’. हे एका खऱ्या गावाचं नाव आहे. दक्षिण स्पेनमध्ये कोर्दोबा भागात ते गाव आजही आहे. १४७६ साली तिथल्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर जुलूम करणाऱ्या सरदाराला ठार मारलं होतं. लोपेनं त्यावर नाटक रचलं.

नाटकात तो सरदार गावच्या मुलींना आपली मालमत्ता समजतो. लाउरेन्सिया नावाची मुलगी त्याला दाद देत नाही. तिचं लग्न ठरतं, मांडव पडतो, आणि भर लग्नातून सरदार तिला आणि नवरदेवाला धरून नेतो. इकडे गावची पुरुष मंडळी बैठक घेतात. काय करावं? राजाकडे अर्ज करावा का? गाव सोडून जावं का? चर्चा चालूच. अशा वेळी लाउरेन्सिया सुटून येते. केस विस्कटलेले, अंगावर माराच्या खुणा. ती थेट त्या बैठकीत शिरते. बाप गावचा पाटील, त्यालाही क्षणभर ही आपली लेक आहे हे ओळखू येत नाही. ती त्या सगळ्यांना असं काही सुनावते की बसलेले उठून उभे राहतात. मग ती बायकांना गोळा करते, त्यांची वेगळी तुकडी करते. गाव सरदाराच्या वाड्यावर चालून जातं आणि त्याला मारतं.

खरी परीक्षा पुढं आहे. राजाचा न्यायाधीश येतो. सरदाराला कुणी मारलं, एवढंच त्याला हवं आहे. तो तीनशे माणसांचे हाल करतो. म्हातारे, बाया, दहा वर्षांचं पोर, कुणालाच सोडत नाही. प्रत्येकाला एकच प्रश्न, आणि प्रत्येकाकडून एकच उत्तर: गावाचं नाव. एकही माणूस दुसऱ्या माणसाचं नाव घेत नाही. शेवटी पुरावा नाही म्हणून राजा-राणीला गावाला माफ करावं लागतं.

ही गोष्ट आम्ही पहिल्यांदा गटात सांगितली तेव्हा बराच वेळ कुणी बोललं नाही. एकीनं मग हळूच विचारलं, “आपल्या गावात असं झालं असतं तर आपण एकमेकींची नावं सांगितली असती का?” या प्रश्नाचं उत्तर आम्ही इथं देत नाही. तुमच्या बैठकीत तुम्हीच बोला. फुएन्तेओवेहुनाचे लोक मात्र आजही काही वर्षांनी एकदा आपल्या चौकात हे नाटक स्वतः करतात.

अब्रू नावाचा आजार

लोपे बायकांच्या हक्कांसाठी लिहीत होता, असं मात्र समजू नका. त्या काळच्या नाटकांत एक शब्द सारखा येतो, ‘ओनरा’. आपल्या भाषेत अब्रू. घरातल्या पुरुषाची अब्रू बाईच्या वागण्यावर टांगलेली. तिच्यावर नुसता संशय आला तरी ती गेली. मग ती परत मिळवायची कशी? बाईच्या रक्तानं.

काल्देरोन हा या काळातला दुसरा मोठा नाटककार. ‘आपल्या अब्रूचा वैद्य’ अशा अर्थाच्या त्याच्या एका नाटकात नवऱ्याला बायकोचा संशय येतो. ती निर्दोष आहे, पण तो विचारत नाही. अब्रूला आजार झाला आहे आणि आपण वैद्य आहोत, असं तो मनाशी धरतो. मग रक्त काढणाऱ्या माणसाला रात्री डोळे बांधून घरी आणतो आणि तिच्या शिरेतून रक्त वाहू देऊन तिला मारतो. राजाला हे कळतं. तो त्याला फाशी देत नाही, दुसऱ्या एका बाईशी त्याचं लग्न लावून देतो. पडदा पडतो.

काल्देरोनला हे पटत होतं, की हे किती भयंकर आहे तेच त्याला दाखवायचं होतं, यावर अभ्यासक आजही वाद घालतात. आम्हाला वाटतं, ज्या नाटकाच्या शेवटी बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, ते काहीतरी सांगत असणारच. पण तिथं मेलेल्या बाईच्या बाजूनं बोलायला कुणी उभं नाही, हेही खरं.

भिंतीआडचा आवाज

उभी राहिली ती एक बाईच. तिचं नाव मारिया दे सायास. माद्रिदची. तिची दोन गोष्टींची पुस्तकं १६३७ आणि १६४७ साली सारागोसा शहरात छापली गेली आणि खूप वाचली गेली. पहिल्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच ती विचारते, बाईचा आत्मा आणि पुरुषाचा आत्मा वेगळा असतो का? नसेल, तर पुरुष विद्वान आणि बाई अडाणी असं का? तिचं उत्तर सरळ आहे. आम्हाला शिवणाऐवजी पुस्तकं आणि शिक्षक दिले असते, तर आम्हीही तेवढ्याच हुशार निघालो असतो.

तिच्या पुस्तकात लिसिस नावाची मुलगी आजारी असते. तिचं मन रमावं म्हणून मित्र-मैत्रिणी रोज रात्री जमून गोष्टी सांगतात. दुसऱ्या पुस्तकात लिसिसचा नियमच आहे, गोष्ट फक्त बायकांनी सांगायची आणि खरी घडलेली सांगायची. म्हणजे एका अर्थानं ही बायकांची बैठकच.

त्यातली एक गोष्ट इनेस नावाच्या बाईची. एक माणूस जादूटोण्यानं तिला भुलवून आपल्या घरी बोलावत असतो. तिला स्वतःला शुद्धच नसते. हे उघडकीला येतं, ती निर्दोष आहे हेही सिद्ध होतं. तरी नवरा, भाऊ आणि भावजय मिळून तिला भिंतीत चिणतात. श्वास घेण्यापुरती फट आणि जगण्यापुरतं अन्न. अशी सहा वर्षं. उभंही नीट राहता येत नाही, बसताही येत नाही. अंधारात तिचे डोळे जातात.

ती सुटते कशी? शेजारच्या घरातल्या बाईला रात्री भिंतीतून कण्हणं ऐकू येतं. ती कान लावून ऐकते. भिंतीतून विचारते, तू कोण? आणि ऐकून गप्प बसत नाही. अधिकाऱ्यांपर्यंत जाते. भिंत फोडली जाते. तिघांना मृत्युदंड होतो. पण इनेसची दृष्टी काही परत येत नाही.

या गोष्टीतल्या शेजारणीला लेखिकेनं फार जागा दिलेली नाही. तरी आमच्या मते गोष्टीचा सगळा भार तिच्यावर आहे. मैत्रिणींनो, आपल्या वस्तीत रात्री भिंतीपलीकडून आवाज येतो तेव्हा आपण काय म्हणतो? “त्यांच्या घरातला मामला आहे.” ती शेजारीण असं म्हणाली असती, तर इनेस भिंतीतच मेली असती.

पुस्तकाच्या शेवटी लिसिसचं लग्न ठरलेलं असतं. एवढ्या गोष्टी ऐकल्यावर ती लग्न मोडते आणि आईबरोबर मठात राहायला जाते. सगळ्याच बाजूंनी हा शेवट सुखाचा म्हणता येत नाही. पण त्या काळी नवऱ्याच्या घराखेरीज बाईला दुसरी जागा होती ती एवढीच.

स्वयंपाकघरातली विद्या

अशीच मठात गेलेली दुसरी बाई म्हणजे सोर हुआना. सोर म्हणजे सिस्टर, जोगीण. ती जन्मली मेक्सिकोत, तेव्हा तिथं स्पेनचं राज्य होतं. तिचं पहिलं पुस्तक १६८९ साली माद्रिदला छापलं गेलं, म्हणून स्पॅनिश साहित्य शिकणारे तिला वाचल्याशिवाय पुढं जात नाहीत.

तीन वर्षांची असताना ती मोठ्या बहिणीच्या मागं शाळेत गेली आणि आईला न सांगता वाचायला शिकली. चीज खाल्लं की बुद्धी मंद होते असं कुणीतरी सांगितलं, तर आवडत असूनही ते सोडलं. पुढं स्वतःला शिक्षा म्हणून केस कापायची. ठरवलेल्या मुदतीत धडा आला नाही तर कात्री. रिकाम्या डोक्यावर केसांचा शृंगार कशाला, हा तिचा हिशेब. पुरुषाचे कपडे घालून विद्यापीठात पाठव म्हणून आईच्या मागं लागली. आईनं नाही म्हटल्यावर आजोबांची पुस्तकं वाचत बसली.

मोठी झाल्यावर तिचं नाव फार झालं, आणि ते काहींच्या डोळ्यांत खुपलं. १६९० साली एका बिशपनं जोगिणीचं खोटं नाव घेऊन तिला पत्र लिहिलं की हे जगाचं वाचन-लेखन कमी कर, देवाधर्माकडे लक्ष दे. मार्च १६९१ मध्ये तिनं उत्तर लिहिलं. ते उत्तर आज जगभर वाचलं जातं. त्यात ती सांगते, पुस्तकं काढून घेतली तरी मी शिकायची थांबत नाही, कारण स्वयंपाकघरातही विद्या आहे. अंडं तुपा-तेलात एकसंध राहतं, पाकात मात्र फुटतं, हे ती नोंदवते. आंबट फळाचं थोडं पाणी घातलं की साखर पातळच राहते, हेही. आपण पाकात लिंबू पिळतो ते कशासाठी? साखर बसू नये म्हणूनच की! मग ती गमतीनं म्हणते, त्या मोठ्या ग्रीक पंडितानं स्वयंपाक केला असता तर आणखी पुष्कळ लिहिलं असतं.

पण शेवट गोड नाही. काही वर्षांत तिनं आपली पुस्तकं सोडली. १६९५ साली साथ आली, आजारी बहिणींची सेवा करता करता ती गेली. ते पत्र छापलं गेलं १७०० साली, तिच्या मागं. तिच्याच काळात आपल्याकडे तुकोबांना गुरू मानणाऱ्या संत बहिणाबाई आपलं आयुष्य अभंगांत सांगत होत्या. दोघींना एकमेकींचा पत्ता नव्हता.

पहिलं महिला मंडळ

आता अठरावं शतक. १७२६ साली फेइहो नावाच्या एका धर्मगुरूनं बायकांच्या बाजूनं मोठा निबंध लिहिला. बाईची बुद्धी कमी नाही, असं त्यानं बाजू मांडून सांगितलं. त्यावर वर्षानुवर्षं वाद चालला.

पुढं शहरोशहरी शेती, धंदे, शाळा सुधारण्यासाठी मंडळं निघाली. सारागोसाच्या मंडळानं १७८२ साली होसेफा आमार या विदुषीला सभासद करून घेतलं. माद्रिदच्या मंडळात मात्र बायकांना घ्यावं की नाही यावर पुरुषांची भांडणं चालली होती. होसेफानं १७८६ साली त्यात लेख लिहून उडी घेतली. तिचा मुद्दा असा की तुम्ही आम्हाला शिकू देत नाही आणि मग अडाणी म्हणून हिणवता. हा कुठला न्याय?

तोडगा निघाला तो असा. १७८७ साली राजाच्या हुकमानं बायकांचं वेगळंच मंडळ करण्यात आलं. पुरुषांच्या शेजारी खुर्ची दिली नाही, वेगळी खोली दिली. पण त्या बायकांनी त्या खोलीतून काम उभं केलं. मुलींना सूतकताई आणि कशिदा शिकवणाऱ्या शाळा पाहिल्या. १७९९ साली टाकून दिलेल्या बाळांचं अनाथगृह हाती घेतलं. तिथं येणारी बहुतेक बाळं दगावत असत. त्या बहुतेक उमराव घराण्यांतल्या होत्या, हे विसरू नये. गरीब बाईला त्या मंडळात जागा नव्हती.

मुलीचा ‘हो’

१७७६ साली स्पेनमध्ये कायदा झाला की पंचवीस वर्षांखालच्या मुलामुलींनी आईबापांच्या परवानगीशिवाय लग्न करायचं नाही. मग मुलीच्या परवानगीचं काय? हा प्रश्न मोरातीननं ‘मुलींचा होकार’ अशा अर्थाच्या नाटकात विचारला. २४ जानेवारी १८०६ ला ते माद्रिदमध्ये रंगमंचावर आलं आणि सलग २६ दिवस चाललं. तेव्हाच्या मानानं हे फारच मोठं यश.

गोष्ट एका रात्रीत, एका धर्मशाळेत घडते. पाकिता सोळा वर्षांची. तिची आई तिचं लग्न ५९ वर्षांच्या पैसेवाल्या दोन दिएगोशी ठरवते. म्हातारा तसा भला. तो मुलीला विचारतो, तुझ्या मनात काय आहे? पण प्रत्येक वेळी उत्तर आईच देते. आणि मुलगी? मठात तिला शिकवलंय की चांगली मुलगी खाली मान घालून हो म्हणते. तिचं मन दुसऱ्यावर आहे, आणि तो निघतो म्हाताऱ्याचाच पुतण्या. हे कळल्यावर दोन दिएगो आधी चिडतो, मग बाजूला होतो आणि दोघांचं लग्न लावून देतो. भीतीनं शिकवलेला होकार हा होकारच नव्हे, हे त्याच्या लक्षात येतं.

तुम्हाला देवलांचं ‘शारदा’ नाटक आठवलं असेल. ते १८९९ सालचं. कुणी कुणाचं पाहून लिहिलं नाही, दुखणं सारखं होतं एवढंच.

बेडी

शेवटची बाई क्यूबाची, गेर्त्रूदिस गोमेस दे आवेयानेदा. १८४१ साली माद्रिदमध्ये तिची ‘साब’ ही कादंबरी आली. साब हा गुलाम. मालकाच्या मुलीवर त्याचं प्रेम, पण ती लग्न करते दुसऱ्याशी, जो तिच्या पैशाकडे बघून आलेला आहे. मरताना लिहिलेल्या पत्रात साब म्हणतो की गुलामाला निदान पैसे साठवून सुटता येतं, लग्न झालेल्या बाईची बेडी मात्र जन्मभराची. क्यूबात गुलामगिरी १८८६ पर्यंत होती. तिथं हे पुस्तक येऊ दिलं नाही.

१८५३ साली तिनं स्पेनच्या भाषा अकादमीत जागा मागितली. ती नाकारली गेली, कारण ती बाई होती. त्या अकादमीत पहिली बाई निवडली गेली १९७८ साली. मध्ये सव्वाशे वर्षं गेली.

आपण कसं वाचायचं?

जुनं पुस्तक असो, टीव्हीवरची मालिका असो, नाहीतर कीर्तनात ऐकलेली कथा असो, आम्ही आता चार प्रश्न विचारतो. यात कोण बोलतं? कोण गप्प आहे, आणि का? निर्णय कोण घेतं? आणि शेवट कुणाच्या सोयीचा आहे? काल्देरोनची मेलेली बायको गप्प आहे, पाकिताच्या वतीनं आई बोलते आहे, इनेसचा आवाज भिंतीतून येतो आहे. हे चार प्रश्न विचारले की हे आपोआप दिसायला लागतं. त्यासाठी स्पॅनिश यावी लागत नाही. वाचता येत नसलं तरी चालतं, कुणीतरी मोठ्यानं वाचावं आणि बाकीच्यांनी ऐकावं.

पुढच्या बैठकीसाठी तीन प्रश्न देतो. एक, आपल्या गावात मुलीला स्थळाबद्दल खरंच कोण विचारतं, आणि ती ‘नाही’ म्हणाली तर काय होतं? दोन, अब्रू गेली असं आपण कधी म्हणतो, आणि पुरुषाच्या वागण्यानं ती कधी जाते का? तीन, भिंतीपलीकडून आवाज आला तर आपल्या गटानं काय करायचं? हे आत्ताच ठरवून ठेवा. पहिला कुणी दार वाजवायचं, सोबत कोण जायचं, फोन कुणाला लावायचा. कारण ती वेळ येते तेव्हा चर्चेला सवड नसते.

आणि वहीत लिहून ठेवा, बरं का. सायासनं लिहून ठेवलं म्हणूनच त्या शेजारणीची गोष्ट आज आपल्यापर्यंत पोचली.